हायवेवर १०० ऐवजी १२० ने गाडी पळवली, तर नेमकी किती मिनिटं वाचतात? आणि त्याची किंमत काय?

रविवारी रात्री पुण्याहून मुंबईला पोहोचलेल्या माणसाला आई विचारते, "जेवलास का?" आणि मित्रांचा ग्रुप विचारतो, "किती वेळात आलास?"

"पावणेदोन तासांत" असं उत्तर आलं की अंगठ्यांचा पाऊस पडतो. कुणी "अडीच तास लागले" म्हणालं, तर "बैलगाडीने आलास का?" अशी खिल्ली उडते. हायवेवर कमी वेळात पोहोचणं म्हणजे चांगला ड्रायव्हर, असं समीकरण आपल्याकडे पक्कं बसलंय.

पण वेग वाढवला की वेळ, पेट्रोल आणि जीव अशा तीन गोष्टींचा हिशोब बदलतो. गंमत म्हणजे हे तिन्ही हिशोब एकाच चालीने बदलत नाहीत. वेग जसजसा वाढतो, तसतशी वाचणारी मिनिटं कमी कमी होत जातात. पेट्रोलचा खर्च आणि धडकेचा जोर मात्र झपाट्याने वाढत जातो. हे एकदा आकड्यांत पाहिलं की एक्सिलरेटरवरचा पाय आपोआप थोडा हलका होतो.

आधी वेळेचा हिशोब

समजा रस्ता १०० किलोमीटरचा आहे, मोकळा आहे आणि तुम्ही एकाच वेगाने जाताय. मग किती वेळ लागेल?

• ताशी ६० किमी : १०० मिनिटं
• ताशी ८० किमी : ७५ मिनिटं
• ताशी १०० किमी : ६० मिनिटं
• ताशी १२० किमी : ५० मिनिटं
• ताशी १४० किमी : सुमारे ४३ मिनिटं

प्रत्येक पायरीवर वेग तेवढाच, म्हणजे २० ने वाढलाय. पण ६० वरून ८० वर गेल्यावर २५ मिनिटं वाचली. ८० वरून १०० वर गेल्यावर १५ वाचली. पुढे १०, आणि १४० ला पोहोचल्यावर जेमतेम ७.

आता हेच मुंबई-पुणे एक्सप्रेस वेला लावून बघू. हा रस्ता साधारण ९४.५ किलोमीटरचा. सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची. घाट सोडून समजा ८० किलोमीटर सपाट रस्ता मिळाला. १०० ने तो ४८ मिनिटांत होतो, १२० ने ४० मिनिटांत. म्हणजे मर्यादा मोडून, चलानाचा धोका पत्करून, पूर्ण रस्ता रिकामा मिळाला तरी फायदा आठ मिनिटांचा. त्यातही उजव्या लेनमध्ये मध्येच एखादा ट्रक आला किंवा टोलनाक्यावर रांग लागली, की त्या आठाची चार होतात. फूड मॉलवर वडापाव आणि चहा घ्यायला यापेक्षा जास्त वेळ जातो.

मग पेट्रोल कुठे जातं?

शहरात गाडीचं पेट्रोल मुख्यतः सिग्नलला थांबण्यात, पुन्हा पुन्हा उचल घेण्यात जातं. हायवेवर मात्र इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू असतो हवा.

स्कूटर चालवताना ४० च्या वेगाला वारा सुखद वाटतो आणि ८० ला तोच वारा छातीवर ढकलल्यासारखा लागतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे ८० वरून १०० वर गेलात की वेग वाढतो २५ टक्के, पण हवेचा रोध वाढतो ५६ टक्के. १२० ला तर तो ८० च्या तुलनेत सव्वादोन पट झालेला असतो. तुमचं इंजिन ही अदृश्य भिंत ढकलत असतं, आणि त्याची मजुरी पेट्रोलमध्ये द्यावी लागते.

प्रत्यक्ष मायलेजवर याचा किती परिणाम होतो, हे अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने ७४ गाड्यांच्या आकडेवारीवरून तपासलं होतं. तिथे वेग मैलांत मोजतात. ताशी ५० मैलांवरून (सुमारे ८० किमी) ६० मैलांवर (सुमारे ९७ किमी) गेल्यावर मायलेज सरासरी १२.४ टक्क्यांनी घटलं. ७० मैलांवर (सुमारे ११३ किमी) गेल्यावर आणखी १४ टक्क्यांनी, आणि ८० मैलांवर (सुमारे १२९ किमी) आणखी १५.४ टक्क्यांनी.

आपल्या भाषेत सांगायचं तर, जी गाडी ८० च्या वेगाला लिटरमागे २० किलोमीटर देते, ती ९७ ला साडेसतरा देईल, ११३ ला पंधरा आणि १२९ ला पावणेतेरा. गाडीगणिक आकडे थोडे मागेपुढे होतील. उंच, चौकोनी एसयूव्हीला हवा जास्त अडवते, बुटक्या सेडानला कमी. पण आलेख सगळ्यांचाच घसरत जातो.

ही गाडी घेऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गाठला, तर? ९७ च्या वेगाने ४० लिटर पेट्रोल लागेल, ११३ च्या वेगाने साडेशेचाळीस, १२९ च्या वेगाने ५५. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं, तर ९७ वरून १२९ वर जाण्याची किंमत एका फेरीला दीड हजार रुपये. वाचतात साधारण पावणेदोन तास. काहींना हा सौदा परवडेलही. पण १२९ हा वेग तिथल्या १२० च्या मर्यादेच्याही वर आहे, आणि खरी किंमत अजून मोजायची आहे.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक कार आहे, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. शहरात भरपूर चालणारी बॅटरी हायवेवर १०० च्या पुढे गेली की डोळ्यांदेखत उतरायला लागते. पेट्रोल गाडीतही हेच होतं, फक्त काटा सावकाश सरकतो म्हणून जाणवत नाही.

पेट्रोल वाचवायला निघाले आणि माणसं वाचली

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पंपांवर मैलभर रांगा लागल्या. तेल वाचवायला काय करता येईल, यावर उपाय निघाला तो वेगाचा. २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि देशभरातल्या हायवेंवर कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर ठरला.

लोकांना हा नियम अजिबात आवडला नाही. अनेकांनी तो सर्रास मोडला. त्यामुळे तेलाची बचत अपेक्षेपेक्षा कमीच झाली. पण दुसरीच एक गोष्ट घडली. १९७३ मध्ये तिथल्या रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसं मेली होती. १९७४ मध्ये हा आकडा ४५ हजारांवर आला.

हे सगळं श्रेय वेगमर्यादेचं नव्हतं. पेट्रोलच नसल्यामुळे लोक फिरलेही कमी. पण पुढे १९८४ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने दहा वर्षांचा अभ्यास मांडला, तेव्हा पहिल्या वर्षी ३ ते ५ हजार आणि नंतर दरवर्षी २ ते ४ हजार जीव कमी वेगामुळे वाचले, असा अंदाज दिला. १९९५ मध्ये ही देशव्यापी मर्यादा रद्द झाली.

तेलासाठी केलेल्या कायद्याने माणसं का वाचावीत? कारण पेट्रोल खाणारा आणि जीव घेणारा नियम एकच आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तशीच धावत्या गाडीतली ऊर्जाही वेगाच्या वर्गाने वाढते. ८० वरून १०० वर गेलात की हीसुद्धा ५६ टक्क्यांनी वाढते. ब्रेक दाबल्यावर ही सगळी ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेकमध्ये जिरली नाही, तर ती समोरच्या ट्रकमध्ये, दुभाजकात किंवा गाडीतल्या माणसांच्या शरीरात जिरते.

बंद पडलेला ट्रक आणि दोन गाड्या

हायवेवर रात्री एक ट्रक लेनमध्येच बंद पडलाय. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, फक्त कडेला चार दगड लावलेत. असं दृश्य न पाहिलेला माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही.

त्या ट्रकच्या दिशेने दोन गाड्या येतायत. एक ८० ने, दुसरी तिच्या शेजारच्या लेनमधून १०० ने, आणि ट्रकने दोन्ही लेन अडवल्यात. दोन्ही ड्रायव्हरना ट्रक एकाच क्षणी, ६९ मीटरवरून दिसतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो. रस्ता कोरडा आहे, ब्रेक आणि टायर चांगले आहेत.

८० वाली गाडी त्या दीड सेकंदात ३३ मीटर जाते. मग ब्रेक लागतात आणि आणखी ३५ मीटरवर ती थांबते. ट्रकला अगदी टेकता टेकता, पण थांबते. आतल्यांच्या काळजाचा ठोका चुकतो, एवढंच.

१०० वाली गाडी दीड सेकंदात ४२ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लावायला तिच्याकडे उरतात फक्त २७ मीटर. ती ट्रकपाशी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असेल?

बहुतेक जण म्हणतील, वीस. कारण दोघांच्या वेगात फरकच वीसचा होता.

खरं उत्तर आहे, ताशी ७० किलोमीटरहून जास्त.

आणि तीच गाडी १२० ने येत असती, तर धडक १०५ च्या आसपास बसली असती. म्हणजे ब्रेक लावून न लावल्यासारखंच. पाऊस असेल, टायर झिजलेले असतील किंवा ड्रायव्हरचं लक्ष मोबाइलकडे असेल, तर हे आकडे आणखी वाईट होतात.

म्हणूनच "माझा गाडीवर कंट्रोल आहे" या वाक्याला हायवेवर फारसा अर्थ नाही. कंट्रोल सुरू होतो तो ब्रेक लागल्यावर, आणि त्याआधीचा दीड सेकंद कितीही तरबेज ड्रायव्हर असला तरी फारसा कमी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा जीव गेला. पोलिसांच्या नोंदींनुसार त्यातल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण होतं. त्या वर्षी एकट्या महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर गेली.

महागडी गाडीही भौतिकशास्त्रापुढे हरते

४ सप्टेंबर २०२२. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर एक मर्सिडीज कठड्याला धडकली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी जागीच गेले. मागच्या सीटवरच्या दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघं जखमी झाले, पण वाचले.

गाडीतल्या नोंदीवरून कंपनीने पोलिसांना दिलेली माहिती तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. धडकेच्या पाच सेकंद आधी गाडीचा वेग १०० होता. ब्रेक लागले, आणि धडक बसली तेव्हा वेग ८९ होता.

८९ च्या वेगाने कठड्यावर आदळणं म्हणजे साधारण दहा मजली इमारतीवरून खाली पडण्याइतका आघात. १०० च्या वेगाला हीच उंची तेरा मजल्यांची होते, १२० ला अठरा-एकोणीस. एअरबॅग, मजबूत सांगाडा हे सगळं असूनही बेल्ट न लावलेलं शरीर गाडी थांबल्यावर थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे जात राहतं.

मागच्या सीटवर बेल्ट लावणं हा काही या अपघातानंतर आलेला नियम नाही. तो आधीपासून आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंडही आहे. तरी आजही मागे बसल्यावर "इथे कशाला?" असं विचारणारा कुणीतरी प्रत्येक गाडीत असतोच.

घाटात न्यूट्रल : डिझेल वाचवण्याचा सगळ्यात महाग उपाय

इंधन वाचवणं आणि सुरक्षितता सहसा हातात हात घालून जातात. एका जागी मात्र लोक त्यांची फारकत करतात, ती जागा म्हणजे घाटाचा उतार.

उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, काही जण तर इंजिनच बंद करतात. "फुकट जातेय, कशाला डिझेल जाळायचं?" हा त्यामागचा विचार. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या गाड्यांत ते उलटं आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सिलरेटर सोडला, की गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाला इंधन देणंच थांबवतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये टाकलं, तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल वाचत नाही, उलट जास्त जळतं.

आणि धोका वेगळाच. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये तो आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वीस-पंचवीस टनांचा ट्रक फक्त ब्रेकवर उतरवला की ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. इंजिन बंद केलं, तर एअर ब्रेकला लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. मग दुसऱ्या दिवशी बातमी येते, "ब्रेक फेल झाल्याने ट्रकची अनेक गाड्यांना धडक."

बोरघाटात हे अनेकदा घडलंय. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराचं तर नाव काढलं तरी पुणेकर सावध होतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकच्या धडकेने चाळीसहून अधिक गाड्यांचं नुकसान झालं होतं. या उतारावर ट्रक न्यूट्रलमध्ये टाकू नका, असं ड्रायव्हरना वारंवार सांगितलं जातं ते उगाच नाही.

घाट चढायला जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही शंभर टक्के खरा आहे.

पण रस्ताच १२० साठी बांधला असेल तर?

समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे. मग तिथे १२० ने जाणं चूक कसं?

चूक नाही. रस्ता त्यासाठीच आखलेला आहे. वळणं मोठी, क्रॉसिंग नाहीत, दुचाकी आणि रिक्षांना बंदी. पण मर्यादा रस्त्याची सांगितलेली असते, तुमच्या टायरची आणि झोपेची नाही.

टायरमध्ये हवा कमी असली की तो प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि आतून तापत जातो. वेग जितका जास्त, तितका हा खेळ सेकंदाला जास्त वेळा होतो. त्यात विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना, तापलेलं काँक्रीट आणि गाडीत भरलेलं लग्नाचं सामान. टायर फुटायला आणखी काय हवं? शहरात वर्षभर गुपचूप चालणारा जुना टायर अशा रस्त्यावर तासाभरात दगा देऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सरळसोट रस्त्यावर येणारी गुंगी. समोर तासन्‌तास काहीच बदलत नाही. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण मेंदू अर्धा झोपलेला असतो. याला 'हायवे हिप्नोसिस' म्हणतात. १२० च्या वेगाला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे फुटबॉलच्या मैदानाएवढं अंतर कुणीच गाडी चालवत नव्हतं.

आणि तिसरी, वेगांमधला फरक. तुम्ही १२० ला आणि समोरचा भरलेला ट्रक ५० ला असेल, तर तुमच्यासाठी तो जवळजवळ उभाच असतो. म्हणून फक्त वेगाने जाणाराच धोकादायक असतो असं नाही. उजव्या लेनमध्ये ५० ने रमतगमत जाणाराही तितकाच अपघाताला आमंत्रण देत असतो.

मग करायचं काय?

• मोकळ्या रस्त्यावर, शेवटच्या गिअरमध्ये ८० ते ९० हा वेग बहुतेक गाड्यांच्या मायलेजला आणि ब्रेकला मानवतो. या वेगाने जाताना मात्र डावीकडच्या लेनमध्ये राहा. उजवी लेन ओव्हरटेकसाठीच.
• वेग एकसारखा ठेवा. १२० पर्यंत उचलायची, ट्रक आला की ब्रेक मारायचा, पुन्हा उचलायची, यात पेट्रोलही जातं आणि लेन कटिंगही वाढतं.
• पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ती एखाद्या खांबाजवळून गेली की तीन मोजा, त्याआधी तुम्ही तिथे पोहोचता कामा नये. पावसात हेच अंतर दुप्पट.
• निघण्याआधी थंड टायरमध्ये हवा तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टेपनीही तपासा.
• टपावरचं कॅरिअर रिकामं असेल तर काढून ठेवा. ते हवा अडवतं आणि पेट्रोल खातं.
• उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा.
• दर दोन तासांनी थांबा, खाली उतरा, तोंडावर पाणी मारा. झोप येत असेल तर चहावर भागवू नका, पार्किंगमध्ये गाडी लावून वीस मिनिटं डोळे मिटा.
• गाडीतल्या प्रत्येकाला बेल्ट. मागच्यांनासुद्धा.

कॅमेऱ्यांचं म्हणाल, तर मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर आता दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलं, यावरूनही सरासरी वेग काढला जातो. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेलं की पुन्हा १३०, ही जुनी युक्ती तिथे चालत नाही. पण चलान ही यातली सगळ्यात स्वस्त किंमत आहे.

ती आठ-दहा मिनिटं वाचवायचा एक साधा उपाय आहे, तेवढीच मिनिटं घरातून लवकर निघायचं. त्याला पेट्रोल लागत नाही. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी "किती वेळात आलास?" विचारलं, तर वेळ सांगायची गरज नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला घरी पोहोचलात, एवढं पुरे.